छपरावरचा पाऊस: टाकीत भरायचा की जमिनीत सोडायचा?

मे महिन्यात वर्तमानपत्रात टँकरच्या रांगांचे फोटो असतात आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच गावाच्या त्याच चौकात गुडघाभर पाणी साचल्याचे. दोन बातम्यांमध्ये जेमतेम महिनाभराचं अंतर असतं. मग कुणीतरी ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग करा’ असा सल्ला देतो, सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस चर्चा होते, एखादा विक्रेता येऊन फिल्टर दाखवून जातो आणि विषय पुढच्या मे महिन्यापर्यंत बंद होतो.

लोकांना पाण्याची काळजी नाही असं नाही. अडचण अशी आहे की या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं येतात. छपरावरचं पाणी टाकीत भरून ठेवून वापरणं हे एक काम, त्याला इथे साठवण म्हणू. तेच पाणी जमिनीच्या पोटात सोडून विहिरीला किंवा बोअरला बळ देणं हे दुसरं, त्याला पुनर्भरण म्हणतात. कुठल्या घराला साठवण परवडते आणि कुठल्या घराने पुनर्भरण करावं हे पाऊस, छप्पर, माणसं आणि पायाखालचा खडक यांवर ठरतं. फिल्टर कुठल्या कंपनीचा हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्याकडे सहसा तोच आधी विचारला जातो.

गच्चीवर नेमकं किती पाणी पडतं?

हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. हवामान खातं पावसाचा आकडा मिलिमीटरमध्ये देतं, त्यामुळे छपराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये माहीत असलं की नुसता गुणाकार उरतो.

आपण घरं चौरस फुटांत मोजतो, तर १,००० चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. पुणे शहरात जून ते सप्टेंबर मिळून ढोबळमानाने ६०० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे एवढ्या गच्चीवर सुमारे ५६ हजार लिटर पाणी पडतं. ते सगळं हाती लागत नाही. काही गच्चीच्या फरशीत मुरतं, काही उन्हाने उडून जातं, काही पन्हळीतून बाहेर सांडतं आणि सुरुवातीचं आपण मुद्दाम सोडून देतो. म्हणून काँक्रीटच्या गच्चीसाठी ८० टक्के धरायची पद्धत आहे. पत्र्याला थोडं जास्त धरता येतं, कौलांना थोडं कमी. पुण्याच्या या गच्चीवरून मग ४५ हजार लिटर मिळतात. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर.

रत्नागिरीत हाच हिशेब करून पाहा. तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेवढंच छप्पर असेल तर दोन लाख वीस हजार लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा मापदंड धरतात. त्या मापाने चार माणसांच्या घराला वर्षभरात एक लाख सत्याण्णव हजार लिटर लागतात. म्हणजे कोकणातल्या एका बऱ्यापैकी छपरावर त्या घराच्या वर्षाच्या गरजेपेक्षा जास्त पाणी पडतं, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या वाड्यांवर टँकर जातो. हे असं का, ते पुढे पाहू.

मग टाकी केवढी बांधायची?

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पुण्यातल्या चार माणसांच्या घराला दिवसाला ५४० लिटर लागतात असं धरलं, तर पावसाळा संपल्यानंतरच्या आठ महिन्यांसाठी एक लाख तीस हजार लिटरची टाकी हवी. बंगल्याखाली तेवढा हौद खणायचा तर अर्धा बंगला त्यातच गेला. शिवाय छपरावरून मिळणार ४५ हजारच, म्हणजे तो हौद भरायचाही नाही. एवढा आकडा ऐकला की माणूस म्हणतो, आपल्याला नाही जमायचं.

पण १३५ लिटरमध्ये अंघोळ आहे, कपडे आहेत, फरशी आहे, संडासाचा फ्लश आहे. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी किती लागतं? पाच लिटर धरले तरी भरपूर. चार माणसांचे दिवसाला वीस लिटर. आठ महिन्यांचे ४,८०० लिटर.

म्हणजे पाच हजार लिटरची एक टाकी. ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काठोकाठ भरलेली असली आणि कुलूप लावून फक्त पिण्या-शिजवण्यासाठी वापरली, तर पुढचा पाऊस येईपर्यंत एका कुटुंबाला पुरते. या विषयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच आकडा, आणि फिल्टरच्या माहितीपत्रकात तो क्वचितच दिसतो. सगळं पाणी साठवायचा हट्ट सोडला की काम आवाक्यात येतं.

याचा आणखी एक फायदा दुष्काळी वर्षात कळतो. निम्माच पाऊस झाला तरी पुण्यातल्या त्या गच्चीवरून वीस-बावीस हजार लिटर येतात. पाच हजारांची टाकी तेव्हाही भरून वर सांडते. धरण अर्धं राहतं, टाकी राहत नाही, कारण ती छपराच्या मानाने मुद्दाम लहान ठेवलेली असते.

लातूरची आठवण काढायला हवी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आधी दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर पाणी नेऊ लागली. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर २५ लाख लिटर म्हणजे हजार चौरस फुटांच्या पन्नासेक छपरांवरचं पाणी. गाडी येण्याआधीचं वर्ष वाईट गेलं होतं, तेव्हा शंभर छपरं धरा. तेवढी घरं लातूरच्या एखाद्या नगरातही सहज निघतील. अर्थात छपरं होती म्हणून गाडीची गरज नव्हती असं मी म्हणत नाही. ते पाणी सप्टेंबरात पडून गेलेलं होतं आणि धरून ठेवायला टाक्या नव्हत्या.

टाकी एकदाच भरते असं कुणी सांगितलं?

साठवणीचा विचार करताना आपण नकळत धरणाचं चित्र डोळ्यांसमोर ठेवतो: पावसाळ्यात भरलं, उन्हाळ्यात रिकामं झालं. घरच्या टाकीचा दुसराही उपयोग आहे. जून ते सप्टेंबर रोज तिच्यातून पाणी काढत राहिलात तर ती पुन्हा पुन्हा भरते. दोन हजार लिटरची टाकी, तिचं पाणी फ्लशला, कपड्यांना, गाडी धुवायला आणि झाडांना वापरलं, तर चार महिन्यांत तिच्यातून तिच्या मापाच्या कितीतरी पट पाणी निघून जातं. त्या काळात पालिकेचं किंवा बोअरचं पाणी तेवढं वाचतं. बोअर चार महिने कमी उपसली की ती मार्चपर्यंत तग धरते, हा त्यातला आडून मिळणारा लाभ.

म्हणून ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी दोन टाक्यांचा विचार करावा. एक मोठी, पिण्याची, सप्टेंबरअखेर भरून बंद करायची. दुसरी लहान, वरखर्चाची, पावसाळाभर चालती. पिण्याची टाकी मात्र जूनच्या पाण्याने भरून ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये छप्पर चांगलं धुऊन निघाल्यावरचं पाणी घ्या आणि परतीच्या पावसाने ती काठोकाठ करा.

टाकी कशाची, यावर फार भांडण नको. काळी प्लास्टिकची टाकी सर्वांत सोपी. फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंटचा पातळ थर चढवून केलेली, मोठ्या मापाला स्वस्त पडते आणि गावातला चांगला गवंडी ती शिकू शकतो. सिमेंटची टाकी नवी असेल तर पहिल्या भरण्याचं पाणी पिऊ नये, त्यात सिमेंटचा क्षार उतरतो. जमिनीखालचा हौद गार राहतो पण त्याला बाहेरून सांडपाणी झिरपण्याचा धोका असतो आणि पंप लागतो.

वजनाकडे मात्र लक्ष द्या. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. पाच हजारांची टाकी जुन्या घराच्या स्लॅबवर ठेवणं म्हणजे तिथे पाच टन वजन कायमचं ठेवणं. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तो उद्योग करू नये. जमिनीवर, भक्कम ओट्यावर ठेवली की प्रश्न मिटतो.

पहिलं पाणी सोडून द्यायचं

आठ महिन्यांची धूळ, पाला, कबुतरांची विष्ठा, मांजरांचा वावर, हे सगळं पहिल्या सरीबरोबर खाली येतं. तांदूळ धुताना पहिलं गढूळ पाणी आपण ओतून देतो, तोच नियम इथे. हंगामाच्या पहिल्या एक-दोन मोठ्या सरी पूर्ण वाहून जाऊ द्याव्यात. नंतरही चार-पाच दिवसांची उघडीप पडली की पुढच्या पावसाचे पहिले एक-दोन मिलिमीटर सोडावेत, म्हणजे हजार चौरस फुटांना शंभर ते दोनशे लिटर.

हे हाताने करायचं तर पावसात छत्री घेऊन व्हॉल्व्ह फिरवायला धावावं लागतं आणि रात्रीच्या सरीला कुणीच उठत नाही. त्यावर एक साधी युक्ती आहे. गच्चीवरून येणाऱ्या उभ्या पाइपाला टाकीकडे वळण्याआधी एक आडवी फांदी द्यायची आणि ती तळाशी बंद असलेल्या जाड नळीत किंवा लहान पिंपात उतरवायची. पहिलं घाण पाणी आधी या पिंपात जातं. ते भरलं की मागून येणारं स्वच्छ पाणी आपोआप टाकीकडे वळतं. पिंपाच्या तळाला अगदी बारीक भोक किंवा नळ ठेवला की ते हळूहळू रिकामं होऊन पुढच्या सरीला तयार. यात वीज लागत नाही आणि बाजारातून काही विशेष आणावंही लागत नाही.

त्यानंतर गाळणी. पिंपात तळाशी जाड खडी, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर धुतलेली जाड वाळू, एवढ्याने गाळ अडतो. मध्ये लाकडी कोळशाचा थर दिला तर वास आणि रंगही कमी होतो. हे सगळं दर वर्षी काढून धुवावं लागतं. बाजारातली तयार जाळीची गाळणी धुवायला सोपी असते, म्हणून ती घेतली तर पैसे वाया गेले असं नाही. पण ती जंतू मारते असं विक्रेता म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. जाळी कचरा अडवते, जंतू नाही.

पाइपाबद्दल एकच गोष्ट सांगतो. पुण्या-सोलापूरकडच्या पावसाला हजार चौरस फुटांमागे एक चार इंची पाइप साधारण चालून जातो. कोकणात आणि मुंबईत दोन घ्या. जोराचा पाऊस थोडाच वेळ असतो, पण सर्वांत जास्त पाणी त्याच वेळात येतं आणि अरुंद पन्हळ असेल तर तेवढं सगळं वळचणीबाहेर उडून जातं.

हे पाणी खरंच प्यायचं का?

हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ढगातून निघालेलं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने ते किंचित आम्लधर्मी होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साबणाला भरपूर फेस येतो, डाळ लवकर शिजते. ‘यात मिनरल नाहीत, मग हाडांचं काय?’ असं विचारलं जातं. आपल्याला खनिजं मुख्यतः भाकरी, डाळ, भाज्या आणि दूध यांतून मिळतात. ज्यांच्या घरी आरओचं यंत्र आहे ते आजही कमी क्षारांचंच पाणी पितात.

घाण येते ती छपरावरून. पक्ष्यांच्या विष्ठेतून जंतू येतात, म्हणून पिण्याआधी पाणी निर्जंतुक करणं टाळता येत नाही. खळखळून उकळणं सर्वांत खात्रीचं. टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची तर ग्रामपंचायतीत वापरलं जाणारं ढोबळ प्रमाण हजार लिटरला पाच ग्रॅम असं आहे. पावडर पाण्यात कालवून, निवळ तेवढी टाकीत ओतायची आणि किमान अर्धा तास थांबायचं. उघड्या पोत्यातली जुनी पावडर मात्र निरुपयोगी असते, तिचा जोर निघून गेलेला असतो. शंका असेल तर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून घेता येतो.

काही छपरांचं पाणी पिण्यासाठी घेऊच नये. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे, नुकतं डांबर किंवा रसायनाचं वॉटरप्रूफिंग केलेली गच्ची, पोपडे सुटलेला जुना रंग, शेजारी धूर ओकणारा कारखाना, यांपैकी काहीही असेल तर ते पाणी फ्लशला आणि बागेला वापरा.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये एक बातमी जगभर फिरली होती की पावसाचं पाणी आता कुठेच पिण्यालायक राहिलेलं नाही. ती स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांच्या एका लेखावर आधारलेली होती आणि लेख गंभीर होता. नॉनस्टिक भांडी, जलरोधक कापड वगैरेंमध्ये वापरली जाणारी ‘पीफास’ नावाची न विघटणारी रसायनं दूरदूरच्या पावसातही सापडतात, असं त्यात म्हटलं होतं. पण ज्या मर्यादेशी तुलना केली ती अमेरिकेने त्याच वर्षी सुचवलेली अतिशय कडक मर्यादा होती. आणि दुसरं असं, की धरणात, नदीत आणि विहिरीत जे पाणी आहे तेही याच पावसाचं आहे, वर वाटेत शेतातली औषधं आणि गावोगावचं सांडपाणी मिसळलेलं. पीफासची चिंता करायची तर ती सगळ्याच पाण्याची करायला हवी. छपरावरच्या पाण्याला एकट्याला बाजूला काढून काही साधत नाही.

डास होतात ना?

होतात, टाकी उघडी असेल तर. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून पालिकेचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात. आठ महिने पाणी साठवणाऱ्या टाकीला कोरडा दिवस पाळता येत नाही, तेव्हा उपाय एकच: डासाला आत जागाच ठेवायची नाही. घट्ट झाकण, हवेच्या नळीला आणि वरून सांडणाऱ्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी. उजेड आत जात नसेल तर शेवाळही धरत नाही. वरखर्चाच्या उघड्या हौदात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात.

माझ्या पाहण्यात टाकीपेक्षा जास्त डास पन्हळीत होतात. पानं अडकून जिथे बोटभर पाणी साचतं, तिथे कुणाचं लक्ष जात नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करावं?

आता हिशेब उलटा फिरतो. समजा दहा हजार चौरस फुटांची गच्ची आणि तिच्याखाली साठ फ्लॅट. पुण्याच्या पावसाने गच्चीवरून साडेचार लाख लिटर येतील. साठ कुटुंबांना रोज बत्तीस हजार लिटर लागतात. म्हणजे वर्षाचा सगळा पाऊस दोन आठवड्यांत संपला. इमारत जितकी उंच तितकं माणशी छप्पर कमी, आणि उंच इमारतीत साठवणीचं गणित कधीच जुळत नाही. पावसाळ्यात फ्लशच्या टाकीत हे पाणी वळवता आलं तर छानच, पण जुन्या इमारतींमध्ये फ्लशची नळवाट वेगळी नसते.

म्हणून सोसायट्यांसाठी पुनर्भरण. गच्चीचं गाळलेलं पाणी खड्ड्यात सोडायचं, तळाशी मोठे दगड, मध्ये खडी, वर जाड वाळू, आणि ते मुरू द्यायचं. कागदावर इतकं सोपं.

अडचण जमिनीखाली आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झालेल्या काळ्या कातळाचा आहे. या कातळाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खड्डा मुरमापर्यंत किंवा भेगेपर्यंत पोचला तर पाणी झरझर उतरतं, आणि नुसत्या काळ्या मातीत किंवा अखंड कातळावर थांबला तर सोसायटीला एक छोटं डबकं मिळतं. एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांपैकी एकीच्या बोअरला फरक पडतो आणि दुसरीच्या नाही, त्याचं कारण बहुधा हे.

काँक्रीट ओतण्याआधी एक परीक्षा करून पाहा. नुसता खड्डा खणून तो टँकरच्या पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी पातळी बघा. पाणी जवळपास तेवढंच असेल तर तिथे पुनर्भरण होणार नाही, जागा बदला किंवा खोल जा. शक्य असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा, त्यांच्याकडे भागाभागाची माहिती असते. खड्डा इमारतीच्या पायापासून आणि सेप्टिक टँकपासून लांब हवा.

बोअरमध्ये थेट पाइप सोडला तर?

हा शॉर्टकट फार लोकप्रिय आहे आणि मला त्याची भीती वाटते. आटलेली बोअर असते, गच्चीचा पाइप तिच्यात सोडला की काम झालं असं वाटतं. पण विहिरीत पडलेली घाण दिसते, उपसता येते. बोअरमधून दोनशे-तीनशे फूट खाली भेगांत गेलेली घाण कुणाला दिसत नाही आणि ती काढताही येत नाही. शिवाय त्या भेगा तुमच्या मालकीच्या नसतात. शेजारच्या तीन सोसायट्या त्याच पाण्यावर असू शकतात.

बोअर पुनर्भरण करता येतं, पण तिच्याभोवती खड्डा खणून, केसिंगला, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या नळीला, भोकं पाडून, त्यावर जाळी गुंडाळून आणि दगड-खडी-वाळूचा थर भरून. आणि त्यात फक्त गच्चीचं पाणी. पार्किंगचं, रस्त्याचं, अंगणाचं पाणी, ज्यात ऑइल, साबण आणि कुत्र्यांची घाण असते, ते बोअरच्या जवळ फिरकूही देऊ नये.

जिथे साठवणीला पर्याय नाही

कोकणाचा प्रश्न मघाशी अर्धा सोडला होता. तिथल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, जांभा आहे, आणि जांभा सच्छिद्र. पाणी वरून पटकन आत जातं आणि तितक्याच पटकन उतारावरून झऱ्यांच्या वाटेने निघून समुद्राला मिळतं. ऑक्टोबरात तुडुंब असलेली विहीर मार्चमध्ये तळ दाखवते. अशा ठिकाणी जमिनीत सोडलेलं पाणी आपल्यासाठी थांबेलच असं नाही. पागोळ्यांखाली पन्हळ लावून टाकी भरणं हाच खात्रीचा मार्ग. आंब्या-काजूच्या कलमांसाठी कोकणातले शेतकरी खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरून जलकुंड करतात, तेही साठवणच आहे.

दुसरा प्रदेश विदर्भातला. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथे जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. गोडं पाणी त्यात सोडणं म्हणजे ते खाऱ्यात घालवणं. तिथल्या पाचशे चौरस फुटांच्या पत्र्यावरूनही वर्षाला वीस-पंचवीस हजार लिटर गोडं पाणी निघतं, आणि लागणार आहेत पाच हजार. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथेही असंच. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. लहान मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, मोठ्यांची हाडं आखडतात. पावसाच्या पाण्यात हे फ्लोराइड नसतं. मला विचाराल तर सरकारी अनुदानाचा पहिला पैसा शहरातल्या खड्ड्यांआधी या गावांतल्या टाक्यांवर जायला हवा.

ही कल्पना नवी नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत जवळपास प्रत्येक गुंफेजवळ कातळात खोदलेलं टाकं आहे आणि डोंगरउतारावरचं पाणी त्यात आणणाऱ्या पन्हळी कोरलेल्या आहेत. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची टाकी पाहिली की हाच विचार दिसतो. अहमदाबादच्या जुन्या पोळांमध्ये, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये, घराच्या चौकाखाली टांकं असायचं आणि वर्षभराचं पिण्याचं पाणी त्यातून निघायचं. या सगळ्यांनी पिण्यापुरतं पाणी साठवून ठेवलं.

कायदा काय म्हणतो?

तामिळनाडूने २००३ मध्ये सगळ्या इमारतींना छपरावरचं पाणी अडवणं सक्तीचं केलं, जुन्या इमारतींनाही. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना ही अट लागली आणि २००७ मध्ये ती ३०० चौरस मीटरपर्यंत खाली आणली गेली. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी ही व्यवस्था बंधनकारक आहे. पुणे महापालिका अशी व्यवस्था चालू ठेवणाऱ्यांना मिळकतकरात सवलतही देते.

नियम असल्यामुळे खड्डे झाले, हे खरं. त्यातले किती खड्डे आज पाणी पितात हा वेगळा प्रश्न. पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी केलेल्या खड्ड्यावर पुढे कुणीतरी पेव्हर ब्लॉक बसवतो. तुमच्या सोसायटीत असा खड्डा असेलच, तेव्हा नवा खर्च करण्याआधी मंजूर नकाशा काढा आणि तो कुठे आहे ते शोधा. वरची गाळाने घट्ट झालेली वाळू बदलली तर अनेकदा तेवढ्यानेच तो चालू होतो.

सगळ्यांनी पाणी अडवलं तर धरणात काय जाईल?

हा आक्षेप हुशार लोक घेतात, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. शहरातली छपरं सहसा त्या शहराला पाणी देणाऱ्या धरणांच्या पाणलोटात नसतात. पुण्याचं पाणी येतं खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरमधून, आणि कोथरूडच्या गच्चीवर पडलेला पाऊस त्यांच्यापैकी एकाही धरणात जात नाही. तो गटारातून मुठेत जातो. तो पुढे उजनीला पोचतो हे खरं, पण पुणेकरांचं वापरलेलं घाण पाणीही तिथेच पोचतं. गच्चीवरून थोडं कमी गेलं आणि पावसाळ्यात नळाचं थोडं कमी वापरलं, तर नदीच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. जोराच्या पावसात रस्त्यावर येणारं पाणी मात्र थोडं तरी कमी होतं.

मे महिन्याची कामं

व्यवस्था केली आणि विसरून गेलं की दोन पावसाळ्यांत ती बंद पडते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात गच्ची झाडून, पाण्याने धुऊन घ्या, पन्हळीतली पानं आणि चिमण्यांची घरटी काढा. गाळणीतली खडी-वाळू धुवा. पिण्याची टाकी तळाशी आली असेल तर हाच मोका आहे, आत उतरून गाळ काढायचा. पण बंद टाकीत एकट्याने उतरू नका, झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवा आणि वर एक माणूस उभा ठेवा. पहिल्या पावसाच्या पिंपाचं बारीक भोक गाळाने बुजलेलं असतं, तार घालून मोकळं करा. टाकीतलं पाणी घ्यायचा नळ तळापासून वीतभर वर असू द्या, म्हणजे बसलेला गाळ हंड्यात येत नाही. आणि सोसायटी असेल तर हे काम कुणाचं, याचा ठराव वार्षिक सभेत नावानिशी लिहून घ्या. ‘समिती पाहील’ असं लिहिलं तर कुणीच पाहत नाही.